पुसल्यापासून एकशे अठ्ठावन्न किलोमीटर

तस्लीमचा निरोप आला तेव्हा हर्षला एक खोका मोडत होती. मोडणं हेच तिचं काम. कुंभिवलीच्या त्या कारखान्यात पुठ्ठ्याचे खोके बनत, आणि प्रत्येक खेपेतला एक खोका दाबयंत्राखाली ठेवून तो किती वजनाला कोसळतो ते बघणं, हे ती एकोणीस वर्षं करत आली होती. यंत्राचा वरचा पत्रा सावकाश खाली येत होता, खोक्याच्या कडा कुरकुरायला लागल्या होत्या, आणि टेबलावर फोन उजळला. ‘ताई, गाडी बंद पडली. चौकच्या फाट्यावर. अम्मी सोबत आहेत. तुमच्याकडे कधी अशी बंद पडायची का?’ खोका मोडला तो आवाज तिने ऐकला, पण किती वजनाला मोडला ते बघायचं राहूनच गेलं. तिने फोन उचलला, लावला. लागला नाही. पुन्हा लावला. पलीकडून एक बाई तीन भाषांतून तेच सांगत राहिली. मग निरोप पुन्हा वाचला, आणि शेवटच्या प्रश्नचिन्हापाशी तिची नजर जी अडकली ती अडकलीच. कधी अशी बंद पडायची का. नाही, तस्लीम. कधीच नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही. हे उत्तर शंभर टक्के खरं होतं, आणि खरं असूनही ते लिहायला तिचा अंगठा उचलेना.

कारण सोमवारीही ती बंद पडली होती, कारखान्याच्या फाटकातच. हर्षलाची जुनी गाडी तिच्याच कारखान्यातल्या तस्लीमच्या ताब्यात जाऊन एकच दिवस झाला होता. आत वळताना तस्लीम वॉचमनने आडवा बांबू उचलायची वाट बघत थांबली, आणि इंजिन एक हुंदका दिल्यासारखं करून गप्प झालं. मागे पाळीची बस, बसमधून डोकावलेली पंधरा तोंडं, कुणीतरी शीळ वाजवली. हर्षला तिथेच, फाटकाच्या आत, डबा हातात घेऊन उभी होती. तिला कळलं. कळलं नव्हतं असं ती चार दिवस स्वतःला सांगत होती, पण कळलं होतं. आणि तरी खिडकीपाशी जाऊन, मोठ्या बहिणीच्या मायेने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली होती, ‘‘क्लच सावकाश सोड गं. घाई नको करत जाऊ.’’ तस्लीम लाल झाली. ‘‘हो ताई,’’ म्हणाली. त्या ‘हो ताई’मध्ये इतका विश्वास होता, की हर्षलाला सोमवारची दुपारची भाकरी गिळवली नाही.

तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. घरून फोन आला असं काहीसं सांगितलं आणि हमरस्त्यावर येऊन चौककडे जाणाऱ्या सहाआसनी रिक्षात चढली. पुढच्या बाकावर भाजीच्या टोपल्या, मागे तिच्या गुडघ्याला गुडघे लावून बसलेली तीन अनोळखी माणसं. नोव्हेंबरचं ऊन. भात कापून मोकळी झालेली खाचरं दोन्ही बाजूंनी मागे पळत होती, मध्येच एखादं गोदाम, एखादा ढाबा, पुन्हा खाचरं. रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती. प्रत्येक ट्रकची ती उंच, सपाट, आंधळी पुढची बाजू तिला दिसत होती आणि तिच्यापुढे मध्येच थांबलेली एक छोटी राखाडी गाडी. आत दोन बाया. एकीच्या डोळ्याला पट्टी. तस्लीमच्या सासूच्या, सफुराबीच्या डोळ्याचं ऑपरेशन मंगळवारी पनवेलला झालं होतं, ते मुलाने रजा काढून निभावलं. आज गुरुवार, आज पट्टी काढायची होती, आणि तो मुलगा, म्हणजे तस्लीमचा नवरा फुरकान, कामावर गेल्यामुळे पहिल्यांदाच तस्लीम सासूला एकटीने नेणार होती. काल डबा खाताना तिने हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे चमकत होते. ‘‘दीर म्हणतो, बाई चालवणार तर मी विमा उतरवून बसतो. मी म्हटलं, बस. अम्मी काय म्हणाल्या ठाऊक आहे? म्हणाल्या, मी तस्लीमच्याच गाडीतून जाणार.’’

आणि तस्लीमला गाडी घ्यायला लावली कोणी? हर्षलानेच. दोन वर्षं ती तिच्या कानीकपाळी ओरडत होती. बाईच्या हातात चाक पाहिजे, कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. शिकवणीच्या वर्गात नाव तिने घातलं, परवाना निघाला तेव्हा पेढे तिने वाटले, आणि जगदीशने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, नवी गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा जुनी तस्लीमलाच द्यायची हेही तिनेच ठरवलं. ‘‘माझी गाडी म्हणजे मोती आहे,’’ ती सगळ्यांना सांगत असे. ‘‘अकरा वर्षांत एकदा रडली नाही.’’ माणूस एखादी गोष्ट फार वेळा बोलला की ती मग गाडीबद्दलची राहत नाही, त्याच्या स्वतःबद्दलची होते. रविवारी गाडी न्यायला तस्लीम खालापूरला यायची होती, आणि शनिवारी संध्याकाळी बाजारातून परतताना चाकामागच्या वेगाच्या काट्यांच्या मधोमध तो पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या आकाराचा. एवढासा. गाडी नेहमीसारखीच चालत होती, आवाज नाही, वास नाही, नुसता दिवा. पण तो दिवा बघून तिला असं वाटलं की कोणीतरी भर सभेत तिच्याकडे बोट दाखवलंय.

जगदीशला ती बोलली नाही. फोनवर शोधलं. एका माणसाने हसत हसत सांगितलं होतं, की बॅटरीची काळी तार काढा, दहा मिनिटं थांबा, परत लावा, इंजिनचा कॉम्प्युटर सगळं विसरतो, दिवा जातो. गोठ्यामागे गाडी उभी होती. दहा नंबरचा पाना घेऊन ती गेली, बॉनेट उचललं, नट सैल केला. तार उचलली तेव्हा गाडीतलं काहीतरी बारीक टिक् करून विझलं. दहा मिनिटं ती तिथेच उभी राहिली, तार हातात धरून, एखाद्याची नाडी धरावी तशी. मग लावली. चावी फिरवली. दिवा गेला होता. तिला एवढं हलकं वाटलं की ती मोठ्याने हसली. मग तिला दिसलं, घड्याळ बारावर लुकलुकत होतं आणि रेडिओची सगळी स्टेशनं गेली होती. ती पाऊण तास गाडीत बसून राहिली. घड्याळ लावलं. रेडिओची स्टेशनं एकेक करून, पूर्वीच्याच क्रमाने, पुन्हा भरली. या पाऊण तासाचीच तिला नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली. दिवा घालवणं एक वेळ भीतीतून झालं असेल. स्टेशनं लावणं भीतीतून झालं नव्हतं.

रिक्षा एका थांब्यावर थांबली. टोपल्या उतरल्या. हर्षलाला एकदम शाळेतलं आठवलं, आठवलं म्हणजे तोंडाला पाऱ्याच्या थर्मामीटरची काचेची चव आली. ती सातवीत होती, लोधिवलीला, माहेरी. शाळेची सहल माथेरानला जायची होती, आणि आदल्या रात्रीपासून तिचं अंग कढत होतं. आईने थर्मामीटर जिभेखाली ठेवलं आणि चुलीकडे वळली. हर्षलाने ते काढलं, दोन झटके दिले, पारा खाली आणला, पुन्हा तोंडात धरलं. आईने उजेडात धरून बघितलं. ‘‘नाय गं, काय नाय. जा.’’ ती गेली. घोडे बघितले, लाल मातीत चालली, आणि येताना माथेरानच्या छोट्या आगगाडीत वर्गातल्या प्रियाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. चार दिवसांनी तिच्या अंगावर गोवर उठला. त्यानंतर प्रियाच्या. हर्षला दहा दिवसांत बरी झाली, प्रिया दीड महिना शाळेत आली नाही आणि आली ती कानात कापसाचा बोळा घालून. कुणी काही विचारलं नाही. गोवर काय, सगळ्यांनाच होतो. तेव्हा तिला कळलं होतं, की पारा झटकून खाली आणता येतो आणि ताप तिथेच असतो. कळलेलं असूनही माणूस पुन्हा तेच करतो. बेचाळीसाव्या वर्षी करतो, पाना घेऊन करतो.

सोमवारनंतर तिने फोनवर किती शोधलं होतं. बॅटरी काढली तर इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं सगळं जातं का? एक म्हणे, जातं, गाडी कोरी होते. दुसरा म्हणे, काहीच होत नाही, नुसतं घड्याळ जातं. तिसरा म्हणे, जुन्या गाड्यांत जातं, नव्यांत नाही. चौथ्याने लिहिलं होतं, असं करून माझ्या भावाची गाडी भर रस्त्यात बंद पडली. ते चौथं तिने रात्री पुन्हा पुन्हा वाचलं होतं. मंगळवारी तस्लीम सुट्टीवर होती. बुधवारी तिला विचारावं असं ठरवून ती कारखान्यात गेली, पण तस्लीम स्वतःच म्हणाली, ‘‘आता बरी चालते ताई. तुम्ही सांगितलं तसं क्लच सांभाळते.’’ आणि हर्षलाने तेवढ्यावर विश्वास ठेवून टाकला. विश्वास ठेवणं सोयीचं होतं.

ती फाट्यावर उतरली. तिने आधी रस्त्याकडे बघितलं. मध्ये काही नव्हतं. काचा पडलेल्या नव्हत्या, गर्दी नव्हती. एक एसटी वळत होती. मग कर्जतच्या रस्त्याला लागून पत्र्याची शेड दिसली, तिच्यापुढे ती राखाडी गाडी, बॉनेट उघडं, आणि शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली सफुराबी, डोळ्यावर पांढरी पट्टी, हातात चहाचा ग्लास. हर्षलाला रस्त्यातच रडू फुटेल असं वाटलं. ती चालत गेली. जवळ जाईपर्यंत तिने चेहरा नीट केला.

‘‘आली बग तुजी ताई,’’ सफुराबी म्हणाली. तिने एका डोळ्याने हर्षलाला ओळखलं होतं. ‘‘कशाला आलीस गं बाय कामधंदा टाकून?’’

तस्लीम गाडीच्या मागून आली. तिचे डोळे लाल होते. ‘‘फोनची बॅटरी संपली ताई. निरोप पाठवला आणि संपलीच.’’ ती थांबली, मग सगळं एका दमात बोलली. ‘‘फाट्यावर थांबले होते. पुढे पोलीस हात करून उभा. आणि बंद पडली. मागे ट्रक होता, एवढ्यावर येऊन थांबला, ताई, एवढ्यावर. हॉर्न देत राहिला. माझा पाय लटपटत होता, चावी फिरवली तर चालू होऊन परत बंद. दोन माणसांनी ढकलली. अम्मी काही बोलल्या नाहीत, नुसता माझा हात धरला.’’

‘‘लागलं का कुठे?’’

‘‘नाही.’’

गॅरेजवाला नागू शेडमध्ये एका टेंपोखाली पडला होता. तो तसाच पडल्यापडल्या बोलला, ‘‘गाडीला काय नाय झालेलं. मी चालू करून, रेस देऊन बगितली. नवीन हात हाय. क्लच सुटतो. होतं असं पयल्या वर्साला.’’

तस्लीमने मान हलवली. हर्षला तिच्याकडे बघत होती, आणि तिला दिसलं की ती मान नुसती नागूला हलवलेली नव्हती. तिने काहीतरी ठरवलं होतं. ‘‘माझंच चुकतं ताई,’’ ती म्हणाली. ‘‘सोमवारी तुम्ही बघितलंत ना. काल परत येताना दोनदा झालं. तुम्हाला सांगितलं नाही, लाज वाटली. मला नाही जमत. मी दिराला फोन केलाय या गॅरेजवाल्यांच्या फोनवरून, तो येतो आणि पुढे तोच नेतो. गाडी आता तोच वापरेल. आज मागे ट्रक थांबला. उद्या नाही थांबला तर? अम्मी होत्या ना आत.’’

झालं. सगळं आपोआप मिटत होतं. नवीन हात. क्लच. दीर येईल, हसेल, गाडी घेऊन जाईल. पिवळा दिवा पुन्हा लागला तर त्याच्या वेळेला लागेल. हर्षलाने काहीही करायचं नव्हतं. तिने फक्त ‘अगं असं नको म्हणूस’ म्हणायचं होतं, पाठीवरून हात फिरवायचा होता, आणि ती मोठी बहीण राहिली असती. तस्लीम तिच्या उपकाराखाली, आणि चाकापासून दूर, जन्मभर राहिली असती. खोक्याच्या कडा कुरकुरतात तेव्हा तो अजून उभा असतो, बघणाऱ्याला वाटतं टिकला. हर्षलाने तोंड उघडलं तेव्हा तिला स्वतःचा आवाज फार लांबून आल्यासारखा वाटला.

‘‘तुझा पाय नाही चुकला, तस्लीम.’’

‘‘ताई, उगीच...’’

‘‘उगीच नाही. शनिवारी गाडीत दिवा लागला होता. इंजिनचा, पिवळा. मी बॅटरीची तार काढून तो घालवला आणि तुला सांगितलं नाही. तेव्हापासून ती बंद पडतेय. आधी कधीच पडत नव्हती. सोमवारी फाटकात पडली तेव्हाच मला कळलं होतं. कळलं होतं आणि मी तुला सगळ्यांदेखत क्लच सावकाश सोड म्हटलं.’’

रस्त्यावरून एक ट्रक गेला, शेडचा पत्रा थरथरला. टेंपोखालून नागू सरपटत बाहेर आला, उठून बसला, फडक्याला हात पुसत हर्षलाकडे बघत राहिला. ‘‘मग हे आदी नाय सांगायचं?’’ तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, उत्सुकता होती. तो उठला, गाडीत बसला, चावी फिरवली. इंजिन चालू झालं. त्याने एसी लावला, मग दोन्ही पाय उचलून दाराबाहेर काढले आणि जमिनीवर ठेवले. गाडी न्यूट्रलला. इंजिन थरथरलं, सावरलं, पुन्हा खाली गेलं, आणि त्याच ओळखीच्या हुंदक्याने गप्प झालं.

‘‘बगा,’’ नागू म्हणाला. ‘‘पाय कुनाचाच नाय.’’

तस्लीम त्याच्या जमिनीवर टेकलेल्या पायांकडे बघत होती. हर्षलाने तिच्याकडे बघायचं धाडस केलं तेव्हा तस्लीमचा हात तोंडावर होता आणि खांदे हलत होते. ती रडतेय असं हर्षलाला वाटलं. ती हसत होती. रडतही होती, पण आधी हसत होती. ‘‘पाय कुणाचाच नाही!’’ ती म्हणाली. ‘‘अम्मी, ऐकलंत? माझा पाय नव्हता!’’

नागूने तळहाताएवढं एक यंत्र आणून स्टिअरिंगखालच्या खोबणीत जोडलं. आकडे वाचत तो मध्येमध्ये बोलत होता, आणि हर्षला एखाद्या निकालाकडे कान लावावेत तशी ऐकत होती. पुसल्यापासून एकशे अठ्ठावन्न किलोमीटर, असं यंत्र म्हणत होतं, म्हणजे तिने तार काढल्यापासून गाडी तेवढी धावली होती. बॅटरी काढली म्हणून गाडी कोरी होत नाय, तो म्हणाला. कंपनीनं जे भरून दिलेलं असतं ते तसंच ऱ्हातं, धावलेले किलोमीटरही जात नायत. जातं ते गाडी मागाहून शिकलेली असते ते. ‘‘ह्या गाडीच्या हवेच्या नळीत अकरा वर्साचा कार्बन बसलाय. हवा कमी पडते. कॉम्प्युटर रोज थोडं थोडं शिकत गेला, झडप जराशी जास्त उगडी ठेवायची, म्हंजी इंजिन बंद नाय पडायचं. तुमी तार काढली, तो ते इसरला. कार्बन तितंच हाय. शिकल हळूहळू परत, पन तवर थांबली की मरनार.’’

‘‘आणि दिवा? दिवा कशाचा होता?’’ तिने विचारलं. हा प्रश्न तिने पाच दिवस पोटात बाळगला होता. तिने ब्रेक, इंजिन, आग, सगळं कल्पून झालं होतं.

नागूने यंत्राची बटणं दाबली, मग मागे जाऊन पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, त्यातली रबराची चकती बोटाने फिरवली. ती एका जागी चिरली होती. ‘‘ही. वाफ गळत होती. दुसरं काय नाय.’’

एवढंच. हर्षला टायरांच्या ढिगावर बसली. तिच्या पाठीतून काहीतरी निघून जात होतं, शनिवारपासून ताणून धरलेलं, इतकं हळूहळू की ते जाताना दुखत होतं. नागूने नळी काढली, आतून फवारा मारून फडक्याने पुसली, फडकं काळंकुट्ट झालं. जोडून त्याने यंत्रावर काहीतरी केलं आणि इंजिन चालू करून तसंच सोडून दिलं. कोणी त्याला हात लावला नाही. एसी लावला, बंद केला. ते चालत राहिलं. तस्लीम टायरांच्या ढिगापाशी येऊन उभी राहिली.

‘‘तुम्ही मला सांगितलं असतंत तरी मी घेतली असती, ताई.’’

‘‘ठाऊक आहे.’’

‘‘मग?’’

‘‘मोती म्हटलं होतं ना मी.’’ हर्षला म्हणाली. ‘‘सोमवारचं मी फाटकात सांगेन सगळ्यांना. जसं बोलले तसंच, मोठ्याने.’’

तस्लीमने ‘राहू द्या’ म्हटलं नाही. ‘‘सांगा,’’ ती म्हणाली. ‘‘बसवाल्यांनापण.’’ आणि मग, ‘‘मी तीन रात्री झोपले नाही. पाय गादीवरच दाबून सोडून बघत होते.’’ हे ऐकून हर्षलाला जे वाटलं ते क्षमा मिळाल्यासारखं नव्हतं. पण तस्लीम हे तिला सांगत होती, दुसऱ्या कुणाला नाही, आणि सांगताना ढिगावर शेजारी बसली होती.

सफुराबीने रिकामा ग्लास खाली ठेवला. ‘‘माजी पट्टी आज निगनार हाय का उद्या?’’ तिने विचारलं. नागूच्याच फोनवरून दवाखान्यात विचारलं. डॉक्टर दोनपर्यंत होते. दिराला परत फोन करून येऊ नको सांगितलं, ते तस्लीमने स्वतः सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज जरा जास्तच मोठा होता. ‘‘आता तू बी बस,’’ सफुराबी हर्षलाला म्हणाली. ‘‘हितनं कामावर काय जातेस. येताना सोडंल ती. बस पाटी.’’

हर्षला मागे बसली. अकरा वर्षांत ती या गाडीत मागे कधीच बसली नव्हती. इथून सगळं वेगळंच दिसत होतं. पुढच्या खुर्च्यांच्या पाठी, मधून रस्त्याचा एक तुकडा, आरशात तस्लीमच्या भुवया. पाय ठेवायला ऐसपैस जागा होती, हे तिला आजवर माहीतच नव्हतं. हमरस्त्याला लागण्यापूर्वी फाट्यावर पुन्हा तोच पोलीस हात करून उभा होता. तस्लीम थांबली. मागे एक टँकर येऊन थांबला, त्याची सावली काचेतून आत पडली. तिघीही ऐकत होत्या. इंजिन चालत होतं, सपाट, एकसारखं, आपल्याच नादात. सफुराबीने शेजारच्या सीटवरून हात लांब करून सुनेच्या गुडघ्यावर ठेवला. पोलिसाने हात खाली केला आणि गाडी निघाली.

लोधिवलीची पाटी गेली. हर्षलाने खिडकीला डोकं टेकवलं. ऊन मांडीवर पडलं होतं. तिला वाटलं, काहीतरी बोलावं, तस्लीमला सांगावं की पुढे वळणावर ट्रक डावीकडून घुसतात, जप. ती मागच्या सीटवरून थोडी पुढे झाली. आरशातल्या भुवया तिच्याकडे वळल्या.

‘‘काय ताई?’’

‘‘काही नाही,’’ हर्षला म्हणाली, आणि मागे टेकली. वळण आलं, एक ट्रक डावीकडून घुसला, तस्लीमने त्याला जाऊ दिलं, आणि त्यानंतरचं हर्षलाला आठवत नाही, कारण ती झोपली होती.